पानमळ्यातली कमान

३ ऑगस्ट १९९८, कागल
आलो एकदाचा! माझं पहिलंच स्वतंत्र काम. गुरुसिद्ध मालकांच्या नव्या बंगल्याची बाग करायचीय. वीस तारखेला त्यांच्या लेकीचा, शिवलीलाचा साखरपुडा, तोवर फाटकापासून पायरीपर्यंतची लोखंडी कमान हिरवीगार दिसली पाहिजे. मधुमालती आणि जाईची पुरुषभर उंच रोपं आणलीत. मालकांच्या घरची मंडळी अजून कोल्हापुरातच, त्यामुळे बागेतल्या खोलीत मी एकटाच राजा. जागा जुन्या पानमळ्याची. विड्याच्या पानांची एकच वेल उरलीय, शेवरीच्या झाडावर. चहा फक्कड मिळतो.

५ ऑगस्ट
शेवरी कमानीच्या वाटेत येत होती. तोडली. मळा राखणाऱ्या म्हाताऱ्या गंगव्वा बोंबलत आल्या. पावणं, पानमळ्यात पायताण घालून येत न्हाईत, म्हणाल्या. आणि वेलीचा आधार ज्यानं मोडला त्यानंच दुसरा द्यायचा. मी कमान दाखवली. लोखंड न्हाय चालत, तिला जित्तं लागतंय की, म्हणे! आता काय बूट काढून चिखलात नाचू?

१० ऑगस्ट
वैताग आलाय नुसता. मधुमालती सुतळीनं बांधावी, सकाळी खाली पडलेली. जाईचंही तेच. पानवेल मात्र सरपटत येऊन रोपांचे गळे आवळतेय. दोनदा बुडातून छाटली, दोनदा हातभर वाढून आली. आज मालक येऊन गेले. कमान उघडीच हाय, जमत नसेल तर सांगा, म्हणाले. डोकंच फिरलं. मूळ खणून काढलं आणि जाळलं.

१३ ऑगस्ट
परत आली. कमानीकडे ढुंकून बघत नाही, सरळ खोलीच्या दाराशी. दुपारी शिडीपाशी उभा राहून बांधत होतो, तर बुटाच्या नाडीत तिचा शेंडा. खरं सांगतो, घाबरलो. घरी पळावं का? पहिलंच काम टाकून? छे.

१६ ऑगस्ट
जेवून जरा आडवा झालो. उठतो तर पोटरीला विळखा. कोयता बाहेर राहिलाय. ओढली की आणखी आवळते. पेरापेराला मुळं फुटलीत, कातडीत —

१७
हाका मारून घसा बसला. मेली कमान. मेलं ते काम. मला फक्त घरी —

गंगव्वा आल्या! अनवाणी. हातात ओला लव्हाळा, वेली बांधतात तो. सोडवा म्हणून रडलो. सरळ हुबं ऱ्हावा पावणं, म्हणाल्या.

सोडवत नाहीयेत. बांधतायत. गुडघा, कंबर, डावा हात —
वीस तारखेपतोर हिरवंगार हुतंय बघा, म्हणतायत. आता उजव्या —