केबल ढिली नव्हती

रविवार, ९ मार्च

गेला! दुपारी दोन चाळीसला डोंगरावरच्या दवाखान्याचा सर्व्हर हातातून गेला. आणि घालवला मीच.

काम साधं होतं. त्या एका मशीनच्या पोटात आता तीन मशिनं चालवायची. तिघांना बाहेर जायला केबल एकच – म्हणून आत एक ब्रिज, म्हणजे तिघांना त्या केबलला जोडणारा पूल, बांधायचा, आणि मशीनचा पत्ता नेटवर्क कार्डावरून उचलून ब्रिजवर ठेवायचा. गोम अशी की मशीन सहा तासांच्या वाटेवर, मी इथे, आणि आत शिरलेय ती त्याच केबलमधून. जरा मागेपुढे झालं की बसलेली फांदीच तुटते. म्हणून तर माझी ती ऑफिसभर गाजलेली शिकवण – आधी सेटिंगच्या जुन्या फाइलची नक्कल, मग दहा मिनिटांचा टायमर, मगच हात लावायचा. काही बिघडलंच तर टायमर जुनी फाइल आपणहून परत ठेवतो. यावरूनच सगळे मला 'मास्तरीण' म्हणतात.

टायमर लावला होता. घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं. अकरा. पंधरा. काही नाही!

मग लक्षात आलं. नक्कल काढली ती फाइल बदलून झाल्यावर. आणि बदललेल्या फाइलीत ब्रिजवर पत्ता ठेवायची ओळच राहिलेली. टायमरने बिचाऱ्याने इमानाने तीच चुकीची फाइल परत ठेवली.

काकांना फोन केला. दवाखान्याच्या बॅटऱ्या आणि जनरेटर तेच बघतात, सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. जेवणावरून उठून सायकलने आले. मी म्हटलं, "केबल काढून परत लावा." केबलचा काही दोष नाही हे मला माहीत होतं. वेळ काढत होते, दुसरं काय! मशीनला लावायला स्क्रीन हवा, तो दवाखान्याच्या कार्यालयात कुलपात, आणि आज रविवार. म्हणजे उद्या सकाळी.

सोमवार, १० मार्च

साडेआठपासून काकांनी एकेक अक्षर टाइप केलं, मी फोनवरून सांगत होते. "तिरकी रेघ कुठली हो ताई? डावीकडे झुकलेली की उजवीकडे?" तीन तास. एकदाही चिडले नाहीत. मध्येच त्यांनी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, मशीन झोपलंय, त्याला उठवतोय.

साडेअकराला उठलं. नोंदी सगळ्या त्याच्यावरच, म्हणून तोवर दवाखान्याची लॅब बंद. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली तेवीस माणसं परत गेली. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, "एक जण पहाटेपासून चालत आली होती हो."

दुपारी ऑफिसात आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं होतं?"

"केबल ढिली होती तिकडे."

आधी ठरवलं नव्हतं. आपसूक तोंडातून गेलं. साहेब म्हणाले, "वाटलंच मला. तू असताना दुसरं काय होणार?" सगळे हसले. मीही हसले.

मंगळवार, ११ मार्च

आज सांगणार होते. साहेब दिवसभर बैठकीत होते. – खोटं. चार वाजता मोकळे होते. मी पाहिलं.

शुक्रवार, १४ मार्च

साहेबांनी दवाखान्याला पत्र धाडलं, 'आपल्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' वगैरे. तिथल्या व्यवस्थापकांनी काकांकडून लेखी माफी घेतली. तिची प्रत आज आली. रेघांच्या वहीतला कागद, गिरवून काढल्यासारखं अक्षर. 'शनिवारी बॅटऱ्यांत पाणी घालताना माझा हात केबलला लागला असावा. मला आठवत नाही. पण लागला असणार. क्षमस्व.'

साहेब म्हणाले, "चला, प्रकरण मिटलं." मी मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! चोर शेजारीच मान डोलावत उभा.

घरी ह्याला सगळं सांगितलं. हा म्हणतो, "नोकरी तर नाही ना गेली त्यांची? मग? चार दिवसांनी कोणाच्या लक्षातही राहणार नाही." मला नेमकं हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर त्याचाच राग आला. भांडले. तेही भलत्याच कारणावरून – टॉवेल.

बुधवार, १९ मार्च

नव्या आलेल्या दोघींना टायमर शिकवला. एकीने विचारलं, "नक्कल आधीच का काढायची?" फर्मास उत्तर दिलं. तिने वहीत लिहून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

सोमवार, २४ मार्च

काकांचा फोन. नाव दिसताच वाटलं – कळलं ह्यांना!

"ताई, एक विचारायचं होतं. केबल किती ढिली होती हो? म्हणजे धक्का जोरात लागला असेल की हलकाच?"

"का हो काका?"

"जोरात लागला असेल तर मला कळायला हवं होतं ना. पण काही म्हणजे काही आठवत नाही."

माफी लिहून दिली त्या दिवसापासून सर्व्हरच्या खोलीत शिरले की दोन्ही हात पाठीमागे धरून चालतात म्हणे. घरी सगळे घाबरलेत. डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, वयाने विसर पडतो, लक्ष ठेवा. महिनाअखेर बॅटऱ्यांचं काम सोडणार आहेत. "ॲसिडचं काम आहे ताई. आपला हात कुठे लागतोय ते आपल्यालाच कळेना, तर उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतायचं."

आणि मी काय म्हणाले? "काळजी घ्या काका."

काळजी घ्या! अठ्ठावन्न वर्षांचा धडधाकट माणूस. बॅटऱ्यांची अख्खी रांग नुसत्या आवाजावरून ओळखणारा. मी एक वाक्य बोलले, आणि तो स्वतःला वेड लागलंय का ते तपासत फिरतोय. मला माझी शिसारी येते.

गुरुवार, २७ मार्च

रजा टाकली आणि गेले. सहा तास बस. काकांनी खोली दाखवली. केबल सुतळीने लोखंडी पट्टीला बांधलेली, वर पुठ्ठा: 'हात लावू नये.' बसायला स्टूल पुसून दिलं. मी उभीच राहिले.

"काका, केबल ढिली नव्हती. चूक माझी होती. मी खोटं बोलले."

काकांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मग हसले! "एवढ्या लांबून येऊन माझं पाप स्वतःच्या अंगावर घेताय. कोण करतं हो एवढं?"

"अहो खरंच सांगतेय. मग आपण तीन तास टाइप कशासाठी करत होतो?"

"मशीन झोपलं होतं, ते उठवायला. तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणाले होते. मी जितकं सांगावं तितकी त्यांच्या नजरेत मोठी होत जावं, असा प्रकार. शेवटी रडले. तर तेच मला समजावायला लागले. बसपर्यंत माझी पिशवी धरून आले, कुणाला तरी सांगत होते, "फार मोठ्या मनाची बाई."

परतीचे सहा तास खिडकीकडे तोंड करून बसले.

शुक्रवार, २८ मार्च

साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उकरून काढतेस? तुझं नाव जाईल, कंपनीचं काम जाईल. मी काही ऐकलेलंच नाही."

जागेवर आले. मशीन स्वतःची नोंद ठेवतं, मिनिटामिनिटाची, नावासकट. ती काढली. दोन एकतीस, फाइल बदलली. दोन चौतीस, नक्कल. दोन अडतीस, टायमर. दोन चाळीस, नवी फाइल लागू – गेलं. सगळीकडे माझंच नाव. प्रत्येक ओळीखाली तिचा अर्थ साध्या मराठीत लिहिला. व्यवस्थापकांना पाठवलं, साहेबांना पाठवलं, लॅबवाल्या बाईंना पाठवलं – 'काकांना वाचून दाखवा, कृपा करा.'

पाच मिनिटांचं काम. मग अठरा दिवस काय करत होते मी?

रविवार, ३० मार्च

साहेबांचा निरोप: उद्यापासून कुठल्याही सर्व्हरला हात लावायचा नाही. बरोबर आहे. काकांकडून काहीच नाही.

सोमवार, ३१ मार्च

काकांचा फोन. बाईंकडून दोनदा वाचून घेतलं म्हणाले.

"म्हणजे माझा हात लागलाच नव्हता."

"नाही काका."

"डोकंही ठीक आहे माझं."

"हो काका." माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "ते राहू द्या. आधी हे आमच्या हिला सांगा. दोन आठवडे झाले, ती मला नातीला उचलू देत नाही."

फोन दुसऱ्या हातात गेला.

"बोला," काकू म्हणाल्या.