आक्का म्हटलं म्हणून

ता. ५ फेब्रु. २००४, गुरु.
पतपेढीत आज एक बाई आणून बसवली. मॅनेजरसाहेबांच्या गाडीतून उतरली. डोक्यावरून पदर, तोंड अर्धं झाकलेलं. माझ्याहून मोठी असावी. झाडू ठेवला नि म्हटलं, "बसा आक्का, पाणी देते." म्हातारीला आणखी काय म्हणायचं? पाणी प्याली, दारालगतच्या बाकावर बसून राहिली. कॅशियर नंदा उगाच हसत होती. कोण, कशाला, कोणी सांगितलं नाही. मला तरी कुठे वेळ, फरशी तशीच पडलेली.

ता. ६
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला लावलं. "पार्वतीबाई, कालच्या त्या गोदाआक्का. हातखंब्याजवळच्या तुमच्याच वाडीतल्या. ठेवीची मुदत संपली, न्यायला आल्यात. अंगठेवाल्या, म्हणून ओळखीचं माणूस लागतं. ती ओळख तुम्ही द्यायची."
म्हटलं, गोदाआक्का गेली. दिवाळीच्या आधीच. शेवटची आंघोळ मीच घातली तिला.
सा. म्हणाले, "मग काल आक्का म्हणून पाणी कोणाला दिलंत? सगळ्यांनी ऐकलं."
डोकं फिरलं. अहो, आक्का मी बाजारातल्या मासेवालीलापण म्हणते!
"चौथी शिकलेल्या बाईने कायदा शिकवू नये. विचार करा. नोकरी हवी आहे ना?"
घरात कमावणारी मी एकटी. हे खाटेवर. ते सा.ना ठाऊक आहे, म्हणूनच तर.

ता. ९, सोम.
ती ठेव गोदाआक्काने शैलीसाठी ठेवलेली. शैली तिची लेक, मंडणगडला दिलेली. मला म्हणाली होती, "पारू, शैलीला एवढ्यात सांगू नको गो, जावई मागेल." शैलीला अजून पत्ता नाही. आता मी बोलले नाही तर पोरीचं गेलंच.
ती बाई आज परत. तोच बाक. नंदा म्हणते, "काय आक्का, गुडघा कसा आहे?" "बरा गो." कारकून म्हणतो, "मोहोर धरला का कलमांना?" "धरलाय." घरच्यासारखं. गोदाआक्काचा आवाज असा नव्हता. की होता? आठवेना. एवढी वर्षं कुडाला कुड लावून राहिलो नि आवाज आठवेना!
नंदाला मोरीपाशी गाठलं. "ही कोण गो?"
"गोदाआक्का."
"मेली ती."
"काकी, असं अभद्र काय बोलता? ती बघा बसलीय."
हसत नव्हती. थापही मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

ता. १२, गुरु.
पतपेढीचा वाढदिवस. नारळ ठेवला. गाऱ्हाणं सा.नीच घातलं.
"बा देवा महाराजा, या घरची लेकरं एका तोंडाची ठेव."
सगळे, "होय महाराजा!"
"इथली गोष्ट इथेच राहू दे."
"होय महाराजा!"
"कोणी वाकडा चालला तर त्याला वाटेवर आण."
मी गप्प राहिले. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात माझ्या मागून 'होय महाराजा' आलं. माझ्या आवाजात. देवाशपथ, माझ्याच. माना परत सरळ झाल्या. मागे बघते तर बाकावर ती, खोबऱ्याचा तुकडा चघळत.
प्रसाद घेतला नाही मी.

ता. १३, शुक्र.
रजा टाकली. शैलीला सांगायचंच म्हणून मंडणगडच्या गाडीत जाऊन बसले. मग उतरले. नोकरी गेली तर ह्यांचं औषध कोण आणणार? शैली आणणार? स्वतःचाच राग आला.
घरी आले तर हे म्हणतात, "पतपेढीतली कोण बाई येऊन गेली. पारू आहे का, विचारत होती."
पारू मला एकटी गोदाआक्का म्हणायची. हे सुद्धा म्हणत नाहीत.
"कशी होती दिसायला?"
"दारातच उभी. उजेड मागून, तोंड कुठलं दिसतंय? मी म्हटलं, बसा आक्का."
किती ओरडले त्यांच्यावर! कोणाला आक्का म्हणायचं नाही या घरात! बघतच राहिले बिचारे.

ता. १६, सोम.
चहाचं आधण ठेवलंय, तोवर लिहिते. ऑडिटचे साहेब आलेत. आमचे सा. म्हणाले, त्यांच्यासमोर एकच शब्द बोला, ओळखते. पुढचं आम्ही बघतो.
आत्ता बाकापाशी जाऊन आले. आज पदर मागे होता. साधंच तोंड. गोदाआक्काचं नाही. पण दुसऱ्या कोणाचं म्हणावं तर तसंही नाही. बघून नजर काढली की लगेच विसरायला होतं. विचारलं, "खरं सांग, कोण तू?"
शांतपणे म्हणाली, "ते तू आत जाऊन सांगायचंस, पारू. मीपण त्याचीच वाट बघत्ये."
नंदा दारात. "काकी, चला ना, थांबलेत."
शैली डोळ्यापुढून हलत नाही. नि खाटेवरचे हे पण. ट्रे उचलते. तोंडातून काय निघेल ते