उतारावरचा टेम्पो

नाही, लॅपटॉप बिघडलेला नाही. आणि तो सारखा भिंतीतल्या बटणाला जोडून का ठेवते, ते मला कुणी विचारू नये. बॅटरी म्हातारी झालीय. शंभर टक्के दाखवते, वायर काढली की व्हिडिओवर माझं नातवंड बोलता बोलता पडदा काळा. तुमचा नातू म्हणतो, "आई, चार्ज फुल होतो, पण कॅपॅसिटीच उरली नाही. नवी पाठवतो." मला शिकवतोय! बाबा, हे मी तो जन्मला त्या दिवशीच शिकले, तुमच्या टेम्पोत.

त्या टेम्पोची बॅटरी तुम्ही मालवणला भरायला टाकायचात. दुकानदार म्हणायचा, फुल झाली. आधी आठवडाभर पुरायची, मग दोन दिवस, मग जेमतेम एक सकाळ. डबा तेवढाच, पण दर खेपेला आत कमी मावायचं. म्हणून तुम्ही गाडी कायम देवळाकडच्या उतारावर लावायचात. ब्रेक सोडला की घरंगळायची, गिअर टाकला की इंजिन धरायचं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हाही तुमचं पहिलं वाक्य काय, तर "टेम्पो उताराक आसा. काळजी नाय." तब्येतीची चौकशी नाही की काही नाही. मला ते बरं वाटलं. लाड मला तेव्हाही सोसत नव्हते.

आणि नेमक्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी टेम्पो दारात! सपाट वाळूत! आदल्या संध्याकाळी तुम्हीच आणून लावलेला. मागे गादी घातलेली, फळी झाडून घेतलेली. आई कडाडली, "हय कित्याक लावलात?" तुम्ही म्हणालात, "कालच भरून हाडलंय. फुल आसा." चावी फिरवलीत. एकदा घरघरलं. दुसऱ्यांदा नुसतं कट्. माझं पाणी गेलेलं, मी गादीवर फळीला धरून आडवी. काचेतून तुमची मान तेवढी दिसतेय, घामाने भिजलेली.

"थांब गो, तिका वायच दम घेवंदे."

"बॅटरी दम घेयत, पोर घेयत काय?" आईने पदर खोचला आणि किनाऱ्याकडे धावली. तिथे रापण ओढणारी माणसं जमत होती, जाळं अजून पाण्यात गेलं नव्हतं. ती आली, ढकलायला लागली, पण वाळूत पाय सरकतायत, चाकं रुततायत. मग त्यांनी रापणीचा दोर पुढे बांधला आणि जाळं ओढावं तसा टेम्पो ओढायला लागले. एक म्हातारा हसत ओरडला, "इतकी वर्सां रापण ओढलंव, टेम्पो कधी गावलो नाय!" सगळे हसले. तुम्ही नाही. आई माझ्या उशाशी, "भियाव नको गो." मी म्हटलं, "माका भय नाय." रस्ता लागला, तुम्ही क्लच सोडलात, इंजिन भुंकलं. "सोडा रे दोर! सोडा!" माणसं दोन्ही बाजूंना उडाली, तो म्हातारा गडग्यावर, दगडी बांधावर पडला, तिथूनही हसतच होता.

मालवणला दवाखान्याच्या दारात तुम्ही इंजिन बंद केलं नाहीत. डॉक्टरांनी पुढे न्या म्हटलं असतं, तर परत कोण ओढणार? आत मला ती घरघर ऐकू येत होती. पोर रडलं, आई बाहेर जाऊन सांगून आली, मग ती घरघर थांबली.

आईने जन्मभर टोमणे मारले, "दारात हाडून लावल्यानी, शाणे!" दारात का लावलात, ते तुम्ही तिला कधी सांगितलं नाहीत. मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी देवळाकडे जाताना त्या चढावर मध्येच खाली बसले, पोट धरून. तुम्ही टेम्पोजवळून बघत होतात. संध्याकाळी गाडी दारात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुम्ही आता कुठे वाचणार; चुलीत जाईल. त्याआधी एक सांगते. भय नाय म्हटलं ते खोटं होतं. नवी बॅटरी मी नको म्हणून कळवलंय; ही म्हातारी माझ्याजवळच राहू दे. का, ते त्यालाही सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.