दुसरी किल्ली

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. पण फोनवर तू "हं" आणि "बरं" या दोन शब्दांत अख्खा रविवार उरकतोस, आणि मला आज जरा लांबलचक बोलायचं आहे. तेव्हा चहा घेऊन बस आणि सगळं वाच. मधली पानं गाळू नकोस, मला कळतं.

इकडे ठीक चाललंय. कॉलेजात परीक्षांची धामधूम आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात यंदा अकरा जण आहेत, त्यातले चार चुकून आलेले आणि आता लाजेपोटी बसलेले. तुझी पाठ कशी आहे? गोदामाच्या फाटकावर बसायला नीट खुर्ची दिली का, की अजून त्या स्टुलावरच दिवस काढतोस?

बातम्या दोन आहेत. पहिली बरी. तत्त्वज्ञान परिषदेला मी लेख पाठवला होता, तो त्यांनी जवळजवळ घेतला. जवळजवळ म्हणजे, दोन परीक्षकांपैकी पहिला खूश आहे आणि दुसऱ्याने एक खुसपट काढलं आहे. त्याला उत्तर देऊन, लेख सुधारून पंधरा तारखेच्या आत पाठवायचा. खुसपट किरकोळ आहे. बघते काय ते.

या परिषदेची एक रीत ऐकून तुला गंमत वाटेल. लेख कुणाचा हे परीक्षकांना कळता कामा नये. त्यात नाव नको, कॉलेज नको, 'आमच्या घरी' नको, 'मी पाहिलं' तर अजिबातच नको. लिहिणाऱ्याचा मागमूस लागला की लेख बाद. तुला माहीत आहे मी नियमांची किती पक्की. चार वेळा वाचून मी स्वतःला शोधून शोधून खोडलं, तेव्हा कुठे लेख धाडला.

आता जरा अवघड भाग. लेखाचं नाव 'दोन साध्या चुका' आणि त्यात आपलं घर आहे. नाव कुणाचंच नाही, तू नुसता 'क' आहेस. लिहिलंय ते असं: क हा बँकेचा बंदूकधारी पहारेकरी. स्वतःची परवान्याची दुनळी बंदूक तो रोज घरी आणतो, काडतुसं काढतो आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवतो. एक दिवस अंगात ताप असताना काडतुसं काढायची राहतात. त्याच दिवशी कपाट उघडं असतं. त्याची नऊ वर्षांची मुलगी दुर्बीण शोधायला कपाटात हात घालते, बंदूक घसरून पडते आणि बार उडतो. मुलीच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात. माझा मुद्दा असा की यातली कुठलीही एकच चूक झाली असती, तर ती संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही आली नसती. मग दोष कुणाचा धरायचा आणि किती?

तुला न विचारता लिहिलं म्हणून राग आला असेल. येऊ दे. नऊ वर्षं आपण दोघं या विषयाला वळसा घालून जातो आहोत, कुणीतरी सरळ जायला हवं होतं.

दुसरी बातमी. घरात बंदूक कशी ठेवायची याचं विधेयक अखेर समितीपुढे आलं. आमच्या गटाने, म्हणजे दोन डॉक्टर, एक निवृत्त फौजदार आणि मी, त्यासाठी चार वर्षं सह्या गोळा करत, उंबरठे झिजवत काढली. कलमं चारच आहेत. घरात बंदूक रिकामी हवी, काडतुसं वेगळ्या पेटीत हवीत, बंदुकीला कुलूप हवं, आणि किल्ली परवानाधारकाशिवाय दुसऱ्या कुणाकडे नको. पहिली तीन पास होतील असं दिसतं. चौथं गाळायचं चाललंय. अध्यक्ष म्हणाले, "अहो, घरच्या माणसांवर एवढाही भरवसा ठेवायचा नाही का? घरच्यांकडे किल्ली होती म्हणून अपघात झाला, असं एक तरी उदाहरण दाखवा." आमच्याकडे उदाहरण नव्हतं. फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद चाळत राहिले.

एकोणीस तारखेला शेवटची सुनावणी आहे. घरात बंदूक ठेवलेल्या एखाद्या माणसाचं म्हणणंही समितीला ऐकायचं आहे. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमचे भाऊ येतील का?" विचारते म्हटलं, म्हणून विचारते आहे. नाही म्हणालास तरी चालेल. खरंच चालेल, दादा. माझ्या भिडेखातर हो म्हणू नकोस.

भिंगरीने तिचा फोटो पाठवला आहे, अठरा पूर्ण झाल्याचा. तुला तिने पाठवला नसणार, म्हणून सोबत घालते. नाक अगदी तुझं आहे. डावा हात तिने ओढणीखाली घेतलाय.

पाठीला शेक देत जा.

तुझी,
टकळी


११ मार्च

दादा,

तुझं कार्ड आज सकाळी मिळालं. "येतो. एकोणीसची रजा टाकली आहे. मी कुलूप लावायला विसरलो, असं सरळ सांगेन, म्हणजे बाकीचे तरी लावतील. जास्त बोलायला लावू नकोस. लेख चांगलाच झाला असणार, तुझं डोकं पहिल्यापासून चांगलं." मी ते पाच-सहा वेळा वाचलं आणि कॉलेजात बरं नाही म्हणून कळवलं.

तू त्या दिवशी कुलूप लावलं होतंस.

हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागलं आणि त्याआधी नऊ वर्षं. आता बाकीचं सलग सांगते. मध्ये थांबले तर पत्र फाडून टाकीन, माझा मला भरवसा नाही.

तू ड्यूटीवरून आलास, बंदूक कपाटात ठेवलीस, कुलूप लावलंस, ओढून बघितलंस आणि आतल्या खोलीत जाऊन झोपलास. मी तुला ते ओढताना बघितलं. वहिनी स्वयंपाकघरात होती. मला कॉलेजच्या नोकरीचा अर्ज भरायचा होता आणि शेवटचा दिवस होता. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्याच कपाटात होतं, वरच्या कप्प्यात, घराच्या कागदपत्रांबरोबर. तुला तापात उठवायचं माझ्या जिवावर आलं. दुसरी किल्ली आईच्या शिवणाच्या डब्यात असते हे आई गेल्यावर तुला आणि मलाच ठाऊक होतं. मी कपाट उघडलं, प्रमाणपत्र घेतलं आणि दार नुसतं लोटलं. झेरॉक्स काढून वीस मिनिटांत कागद परत ठेवायचाच आहे, मग कुलपाची उघडझाप दोनदा कशाला, असा विचार केला. किल्ली पर्समध्ये टाकली. बंदुकीचा विचारही डोक्यात आला नाही. ती रिकामीच असायची ना, रोज.

दुकानात रांग होती. परत येताना कोपऱ्यावरूनच आपल्या घराकडे धावणारी माणसं दिसली.

इथपर्यंत चूक झाली. काडतुसं राहिली ती तुझी चूक, दार लोटलं ती माझी. काडतुसांचा दोष मी माझ्याकडे ओढून घेत नाही, तुला ते आवडायचंही नाही. पण पुढचं जे आहे त्याला चूक म्हणता येत नाही.

संध्याकाळी वहिनी हॉस्पिटलात भिंगरीपाशी होती, तू चौकीत होतास आणि मी तिचे कपडे न्यायला घरी आले. फरशी तशीच होती. मी पर्समधून किल्ली काढली आणि शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, होती तशी ठेवली. मग कपडे भरले, वरून तिची उशी घेतली, आणि दार ओढून निघाले.

दुसऱ्या दिवशी तपास अधिकारी घरी आला. दोन्ही किल्ल्या जागच्या जागी बघून तो तुला म्हणाला, "मग कपाट काय आपोआप उघडलं?" मी दारात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या नजरेत संशय नव्हता, दादा, संशय असता तर मी तेव्हाच बोलले असते. आधाराला बघितलंस. "हिला विचारा, मी रोज लावतो," असं म्हणालास. आणि मी म्हणाले, "रोज लावतो. पण काल त्याला ताप होता."

एवढंच बोलले. तेवढं पुरलं.

तू तीन वेळा सांगितलंस, लावलं होतं. चौथ्यांदा "नसेल लावलं" म्हणालास, आणि मला वाटतं त्याच दिवशी तुझं तुलाही ते पटलं. नोकरी गेली, परवाना गेला. वहिनी आठ महिने थांबली. जाताना ती मला काय म्हणाली ते तुला कधी सांगितलं नाही. म्हणाली, "चूक कुणाच्याही हातून होते, ती मी गिळली असती. पण लेकीची बोटं गेल्यावरही हा माणूस तीन-तीनदा खोटं बोलला." मी तिची बॅग रिक्षात ठेवली. भिंगरीलाही तिने तेच सांगितलं असणार, म्हणून तिचे फोटो तुझ्याकडे न येता माझ्याकडे येतात.

तू खोटं बोलला नव्हतास. तू विसरलाही नव्हतास. मागच्या खेपेला आपण बाहेर पडलो तर तू कुलूप बघायला चौकातून दोनदा माघारी गेलास आणि वर हसून म्हणालास, "माझ्या डोक्याचा काही भरवसा नाही गं." तुझ्या डोक्याला काहीही झालेलं नाही. ते मी बिघडवून ठेवलं आणि वर रविवारी फोन करून तब्येत विचारत राहिले. त्या दिवशीच्या अर्जावर मला नोकरी लागली. जबाबदारी म्हणजे काय, हे मी नऊ वर्षं त्याच नोकरीत शिकवते आहे.

ते खुसपट किरकोळ आहे असं मी लिहिलं होतं. नव्हतं. दुसरा परीक्षक कोण आहे मला माहीत नाही, पण माणूस चोख. त्याने लिहिलंय: "पान तीनवर क रोज कुलूप लावतो. पान चारवर कपाट उघडं आहे. मध्ये काय घडलं? लेखक दोन चुका म्हणतो, पण माणूस एकाच चुकीला आहे. दुसरी चूक कुणाची?" मला परिषदेने लिहिणारीला खोडायला सांगितलं होतं. मी त्या निमित्ताने कपाट उघडणारीलाच खोडून टाकली, आणि नियम काटेकोर पाळल्याचं समाधानही करून घेतलं.

तुझं कार्ड आलं नसतं तर काय केलं असतं? खरं सांगते, 'कुणीतरी' असं घालून मी लेख पाठवून दिला असता. मसुदा तयार होता. पण तू चारचौघांत उभा राहून, माझ्याच कायद्यासाठी, न केलेली चूक कबूल करणार आणि मी शेजारी बसून ऐकणार, हे मला झेपेना. आजवर बरंच झेपलं, हे नाही.

म्हणून दुपारी लेखात घातलं: कपाट लेखिकेने उघडलं, किल्लीही लेखिकेनेच परत ठेवली. ओळख उघडी पडली, तेव्हा लेख बाद होणार. पाठवून दिला. मग फौजदारांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "चौथ्या कलमाला उदाहरण मिळालं म्हणायचं." आणि पुढे, "बाई, आधी वकील गाठा." वकील उद्या गाठते. एकोणीसला मात्र मी समितीपुढे जाणार. अध्यक्षांना घरचं माणूस बघायचं होतं ना, भरवसा ठेवलेलं. त्यांना दाखवीन.

मला भीती वाटते आहे. नोकरीची थोडी वाटते, तुझी फार.

तू एकोणीसला ये किंवा येऊ नकोस. आलास आणि मला बघून उठून गेलास तरी ते मी समजून घेईन. फक्त "मी विसरलो" असं यापुढे कुणालाही सांगू नकोस, अगदी स्वतःलासुद्धा.

अजून एक. या पत्राची प्रत मी आजच रजिस्टरने वहिनीला पाठवली आहे. तिचं गाव जवळ, तिला तुझ्या आधी मिळेल. तुला विचारून मग तिला पाठवायला हवी होती, असं तुला वाटेल. पण तुला आधी कळलं असतं तर तू रागावला असतास, दोन दिवस जेवला नसतास, आणि तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला असतास, "जाऊ दे, तिला नको कळवू, तुझं वाईट होईल." आणि दादा, मी ऐकलं असतं.

खाली 'तुझी' लिहायला हात धजत नाही. ते लिहायचं की नाही, हे तू कळव.

बहीण