दुसऱ्या मजल्यावरची साक्षीदार

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पुस्तकबांधणी करून पोट भरलेली, नवरा गेल्यापासून नऊ वर्षं एकटीने घर सांभाळलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि तो कसा मिळाला तेही पुढे लिहिणार आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. राग मात्र आहे. वकील म्हणाले, "काकू, राग लिहू नका, तो कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, नाही बसला तर उभा राहील.

गेल्या वर्षी मुलाने समोर धरलेल्या कागदावर मी सही केली होती. ते मृत्युपत्र रद्द समजावं. तेव्हा मी न वाचता सही केली. आयुष्यभर लोकांची पुस्तकं पान न पान तपासून शिवली आणि स्वतःचा कागद तेवढा वाचला नाही.

कलम १. माझं घर. खाली तीन खोल्या, वर गच्ची, मागे माझं काम करायचं पत्र्याचं छप्पर. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी जिवंत असेपर्यंत ते कोणी विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, कोणाला आतून दाखवायचंही नाही. हे शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. गेल्या महिन्यात शेजारणीचा फोन आला : "अगं, तुझ्याकडे पाहुणे आलेत का? दोघंजण टेप लावून स्वयंपाकघर मोजतायत." मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, नुसती किंमत काढून ठेवतोय. तू लगेच भावनेच्या भरात जातेस." माझं स्वयंपाकघर मोजायला भावना लागत नाही, किल्ली लागते. ती मी त्याला झाडांना पाणी घालण्यासाठी दिली होती.

कलम २. हा वृद्धांचा निवास, जिथे बसून मी हे लिहिते आहे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, रागात काही ठरवायचं असेल तर पानाच्या मधोमध रेघ ओढा, डावीकडे चांगलं लिहा, उजवीकडे वाईट, आणि डाव्या बाजूपासून सुरुवात करा. सिस्टरांच्या हाताला खडूचा आणि साबणाचा वास यायचा आणि त्यांचं ऐकल्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. म्हणून आधी डावी बाजू.

मी इथे खुब्याचं हाड मोडून आले. "आई, फक्त एक महिना. पाय बरा झाला की घरी," असं मुलगा म्हणाला होता. पाय बरा झाला, हे खरं. व्यायाम करून घेणारा मुलगा रोज माझ्या शिव्या खाऊन मला चालवत राहिला. न्हाणीघरात धरायला दांड्या आहेत, फरशी घसरत नाही. घंटा दाबली की माणूस येतं. घरी मी पडले तेव्हा सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत जमिनीवर होते आणि पेपरवाल्याने टाकलेला अंक दाराच्या फटीतून अर्धा आत आलेला बघत होते. तेव्हा घंटेची किंमत मला कोणी शिकवू नये. जेवण वेळेवर आणि गरम. स्वयंपाकीणबाई मनाने मोठ्या. औषध चुकत नाही. मुलाला आणि मुलीला रात्री झोप लागते, हेही मी डावीकडेच लिहिते.

आता उजवी बाजू. दाराला आतून कडी नाही. आंघोळ मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांच्या सोयीने. सगळ्यांना "आजी" म्हणतात, आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात : "आजीने आज सगळी भाजी संपवली, शाब्बास!" एक महिन्याचे सात महिने झाले. आणि इथे माणूस काय बोलतो ते ऐकत नाहीत, उतरवून घेतात. या दोहोंतला फरक कळावा म्हणून कलम ३ आहे.

कलम ३. माझ्या खोलीतल्या बाई. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. जवळचा म्हणायचा तर एक भाचा आहे, तो फोनवर असतो. पहिल्या दिवशी मी रडत होते तेव्हा त्यांनी पलंगावरून विचारलं, "पाय दुखतोय की माणसं?" मी म्हटलं, माणसं. "मग गोळी मागू नकोस, उपयोग नाही." त्या दिवसापासून मी त्यांना बाई म्हणते आणि त्या मला अगं म्हणतात.

बाईंनी मला त्यांची शिकवायची रीत सांगितली होती. वर्गात सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या की त्या फळ्यावर मुद्दाम एक चूक करायच्या आणि वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "जो 'बाई, चुकलं' म्हणेल तो जागा. बाकीचे झोपलेत, डोळे उघडे असले तरी." असं चौतीस वर्षं चाललं. सवय जाते कुठे?

दर सहा महिन्यांनी डॉक्टर येऊन प्रत्येकाचं डोकं तपासतात. तरुण आहेत, हातात फळीला लावलेला कागद. मी शेजारच्या पलंगावर होते.

"आजी, शंभरातून सात गेले, किती राहिले?"

बाई म्हणाल्या, "ब्याण्णव." आणि हनुवटी वर करून थांबल्या.

डॉक्टर लिहीत होते. "त्यातून सात?"

"पंच्याऐंशी."

"त्यातून?"

"अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हणजे, बघ, अजून झोपलाय.

पहिलं एक उत्तर चुकीचं, आणि पुढची दोन त्या चुकीतून सात-सात बरोबर वजा केलेली. गोंधळलेल्या माणसाला हे जमेल? हे मला दिसत होतं. मी तोंडावर पदर धरून हसत होते. वाटलं, आता बाई त्याला पकडतील, चांगली जिरवतील, आणि आम्ही दुपारभर हसू. बाई सांगणारच होत्या. पण डॉक्टरांचा फोन वाजला, ते बोलत बोलत बाहेर गेले आणि परत आले नाहीत. मी उठून मागे जाऊन सांगायला हवं होतं. पायात तेवढं बळ आलं होतं. मी हसत बसले. या मृत्युपत्रातला जो राग आहे त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावावर लिहावा.

आठ दिवसांनी मी व्यायामाहून आले तर बाईंचा पलंग रिकामा. चादर बदललेली, उशीला घडी पडलेली. त्यांना दुसऱ्या मजल्यावर, भ्रमिष्टांमध्ये, हलवलं होतं. तिथलं दार बाहेरून आकडे दाबून उघडतं. भाच्याने फोनवर होकार दिला होता. मी व्यवस्थापिकेकडे गेले आणि सगळं सांगितलं, वजाबाकीसकट. त्या गोड हसल्या. "आजी, अहवालात नोंद झाली ना. पुढची तपासणी सहा महिन्यांनी." डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "मुद्दाम चुकलो असं सगळेच म्हणतात." मी विचारलं, "सगळे कोण? एक नाव सांगा." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

वर बाईंना पेन्सिल देत नाहीत. टोकदार असते म्हणून. संध्याकाळी चार ते पाच त्यांना खाली भेटीच्या खोलीत आणतात. पहिल्या दिवशी मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "चूक माझी. वर्ग न ओळखता प्रयोग केला. तू रडू नकोस, एकच तास असतो."

आणि माझा दाखला. मृत्युपत्राला डॉक्टरांचा कागद जोडलेला बरा, असं वकील म्हणाले. तेच डॉक्टर आले. तोच प्रश्न. मी शहाण्या मुलीसारखं सांगितलं : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. "छान, आजी!" बरोबर उत्तर देताना इतकी लाज मला शाळेत कधी वाटली नव्हती.

कलम ४. हत्यारं. लोखंडी शिकंजा, ज्यात मी पुस्तकं दाबून सुकवायचे, कापायची सुरी, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, सगळ्या सुया आणि मेणाचा गोळा मुलीला. तिला लहानपणी छपराखाली बसून माझ्यासाठी दोरा मेणातून ओढायला आवडायचं. जीभ बाहेर काढून ओढायची. आता ती फार मोठ्या कचेरीत असते आणि मला रविवारी सव्वाअकराला फोन करते. शिकंजा जड आहे. तिने तो स्वतः येऊन न्यावा, माणूस पाठवू नये. माझ्या यजमानांचं मनगटी घड्याळ व्यायाम करून घेणाऱ्या मुलाला. त्यांना वेळ पाळणारी माणसं आवडायची.

कलम ५. रद्द. वकील म्हणाले, रद्द केलेलं कलम काढून टाका. मी ठेवते आहे, कारण ते का रद्द झालं हे माझ्या मुलांनी वाचावं. या कलमात मी लिहिलं होतं की माझ्यानंतर खालच्या तीन खोल्यांत बाईंनी हयातभर राहावं. काल चार वाजता वकील आले. मी बाईंना कलम वाचून दाखवलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

बाईंनी विचारलं, "साक्षीदार कोण?"

"स्वयंपाकीणबाई एक. दुसऱ्या तुम्हीच असतात तर मला आवडलं असतं, पण..."

वकील म्हणाले, "ज्यांना काही मिळणार त्यांनी साक्षीदार होऊ नये. एकतर घर घ्या, नाहीतर सही करा."

"मग घर काढ," बाई म्हणाल्या. "मी सही करते."

मी चिडले. "बाई, हट्ट करू नका. तीन खोल्या आहेत!"

"अगं, घर तू मेल्यावर मिळणार, आणि तू तर ठणठणीत दिसतेस. तोवर वरचं दार कोण उघडणार? माझ्या डोक्याबद्दल जगात एकच कागद आहे आणि तो त्या पोराने लिहिलाय. मला दुसरा कागद हवा, ज्यावर माझी सही चालते."

वकील गडबडले. त्यांनी खालच्या आवाजात मला सांगितलं, "काकू, धोका आहे. उद्या तुमची मुलं म्हणतील, साक्षीदार दुसऱ्या मजल्यावरची, भ्रमिष्ट. सगळं मृत्युपत्रच अडकेल."

"मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "विचारा मला काय विचारायचं ते."

वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही कशाची साक्ष देताय?"

"हिने माझ्या डोळ्यांदेखत सही केली, एवढ्याचीच. आत काय लिहिलंय त्याची नाही. ते बरोबर की चूक हे हिचं ती बघेल."

"आणि कोणी कोर्टात बोलावलं तर?"

"आनंदाने येईन. तिथे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतात ना?"

वकिलांनी वही काढली. मग त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं, बाईंना वाचून दाखवलं आणि खाली स्वतःची सही केली. म्हणाले, बाहेरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडून बाईंची तपासणी मागण्याचा अर्ज ते सोमवारी देतील आणि ही नोंद त्याला जोडतील. म्हणून कलम ५ रद्द.

कलम ६. माझी मुलं. तुम्हाला काहीच देऊ नये असं तीन दिवस माझ्या मनात होतं. दोन मसुदे तसेच लिहिले आणि फाडले. माझ्या पश्चात घर तुम्हा दोघांना, अर्धं अर्धं. तुम्ही वाईट नाही. तुम्ही घाईत आहात, आणि तुमच्या घाईत माझे सात महिने गेले. सोमवारी मी घरी जाते आहे. घंटा मी घरी बसवून घेईन, न्हाणीघरात दांड्याही, आणि दिवसा कामाला एक बाई ठेवीन. म्हणजे डावी बाजू मी बरोबर नेते आहे. किल्ली मुलाने शेजारणीकडे द्यावी. बाईंचं वरचं दार उघडलं की त्या माझ्याकडे राहायला येतील. त्याला मृत्युपत्र लागत नाही. मी जिवंत आहे, माझ्या घरी पाहुणं कोण हे मी ठरवते.

कलम ७. आणि हे नीट वाचा. तुमच्यापैकी जो कोणी हे मृत्युपत्र पहिल्या साक्षीदाराच्या, म्हणजे बाईंच्या, बुद्धीवर बोट ठेवून मोडायला जाईल, त्याचा अर्धा वाटा त्या क्षणी दुसऱ्या भावंडाला जाईल. दोघं मिळून गेलात तर घर मी जिथे शिकले त्या कॉन्व्हेंटच्या ग्रंथालयाला. तिथल्या पुस्तकांना बांधणीची फार गरज आहे. माझ्या मरणाची बातमी छापायची झाली तर त्यात "प्रेमळ आजी" हे शब्द नकोत. पुस्तकबांधणी करणारी, एवढं पुरे.

हे सर्व मी विचार करून, दोन्ही बाजू लिहून, आणि डाव्या बाजूपासून सुरुवात करून ठरवलं आहे. दोन्ही साक्षीदार समोर बसलेल्या असताना मी सही केली आणि मी बघत असताना त्यांनी केल्या. बाईंना पेन देऊ का, असं वरच्या मजल्याच्या परिचारिकेने व्यवस्थापिकेला फोन करून विचारलं. तो फोन संपेपर्यंत बाईंची सही झाली होती.

स्थळ : निवासाची भेटीची खोली, तळमजला
तारीख : १४ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी चार वाजून पन्नास मिनिटं

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार २ : (सही)
व्यवसाय : स्वयंपाक
पत्ता : निवासामागची चाळ, पहिली खोली

साक्षीदार १ : (सही)
व्यवसाय : गणित
पत्ता : सध्या दुसरा मजला