खडूच्या डब्यातली साखर

१९ ऑगस्ट, सकाळ

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. इकडे सगळं ठीक. तिकडे ठीक नाही, हे काल आपल्या शिलाईच्या दुकानातल्या काजं करणाऱ्या काकांनी सांगितलं. माझा आवाज ऐकला की तू फोन आपटतोस, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे.

तुझी लेक दुकानात बसल्या बसल्या आठवड्यात तीनदा कोसळली म्हणे. आणि तू काय केलंस? कापडावर खुणा करायच्या खडूच्या डब्यातला साखरेचा खडा तिच्या तोंडात कोंबलास, पाच मिनिटं पंख्याखाली बसवलंस आणि परत बटणं लावायला धाडलंस. गिऱ्हाइकांना सांगितलंस, हल्लीच्या पोरी बारीक व्हायला उपाशी राहतात. वा रे हुशारी. डब्यात साखर ठेवायला तू माझ्यासाठी सुरुवात केलीस. मी मशीनवर डोकं टेकायचे, तू खडा द्यायचास, मी उठून पुढची बाही जोडायचे. अख्ख्या दुकानाला वाटायचं, इलाज झाला.

डॉक्टरांनी मला सांगितलं ते तुलाही सांगितलं होतं, पण तुझं लक्ष घड्याळाकडे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. पोट रिकामं असताना त्यांतून पाझरणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक यकृताला साखर सोडायला लावतं. माझ्या ग्रंथींनी काम सोडलं, म्हणून साखर उतरायची. खड्याने ती घटकाभर चढते, मूळ दुखणं जागच्या जागी. त्यावर रोजची गोळी हाच उपाय. ती तू "स्टेरॉईड आहे, विष आहे" म्हणत गटारात टाकलीस आणि मी नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढले. त्याबद्दल तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

हे पुन्हा उगाळते आहे, कारण पुढचं लिहायला मन धजत नाही.

गेल्या वर्षी आईला भेटायला आले, तेव्हा जेवताना तू पोरीदेखत मला नाटकी म्हणालास. ती हसली. नंतर स्वयंपाकघरात पाहिलं, तर ती तळहातावर मीठ घेऊन चाटत होती. बोटांची पेरं काळवंडलेली, हिरड्याही. माझंही असंच सुरू झालं होतं. हे दुखणं एकाच घरात दुसऱ्यालाही होऊ शकतं, हे मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी चपला घातल्या आणि निघाले. मनात म्हटलं, कळू दे एकदा दादाला.

सोळा वर्षांच्या पोरीवर मी तुझा सूड उगवला. तू अडाणीपणाने वागलास, मी जाणूनबुजून.

आता ऐक. उद्या सकाळी आठला तिचं रक्त कॉर्टिसोलसाठी तपासायचं. मी इस्पितळाच्या दाराशी उभी असेन. आज पुन्हा पडली, ताप आला किंवा उलट्या झाल्या, तर उद्याची वाट पाहू नकोस, तशीच उचलून आण. अशा वेळी माणूस तासाभरात हातचं जातं. उद्या साडेआठपर्यंत आला नाहीत, तर मी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर तिला घेऊन जाईन.

तिला मीठ चाटताना पाहूनही मी बोलले नाही, हे तिला मीच सांगणार आहे. तू मध्ये बोलू नकोस. माझी बाजू तर अजिबात घेऊ नकोस.

तुझी बहीण म्हणून सही करायचं मन नाही.

तिची आत्या