चंदेरी पानांचं तोरण

वरवट बकाल

प्रिय संजू,

फोनवर तू हॅलो म्हणते न मले सांगायचं ते राहूनच जाते. मग मी थंडीचं, भाजीच्या भावाचं बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून आज कागद घेतला. अर्धं वऱ्हाडी, अर्धं शाळेतलं मराठी असं होऊन राह्यलं, तुह्या सासूबाईले वाचून दाखवू नको. पुण्याचे लोक, हसतीन.

घरी तसं बरं आहे. मेथी निघून राह्यली, पण भाव मातीमोल. तुहा भाऊ कुलदीप सकाळी सकाळी जुड्या घेऊन संग्रामपूरच्या बाजारात जाते न तोंड पाडून परत येते. गाय आटली. माहा गुडघा दुखते, पण तो तं तू शाळेत होती तवापासून दुखते.

करमत मात्र नाही, बाई. पाणी प्यायले गेलो तं माठाखाली तुह्या मायनं दुधाच्या पिशव्यांचं विणलेलं बस्कर. पाय पुसले तं माह्याच फाटक्या बनियनांच्या वेण्या घालून शिवलेलं पायपुसणं. खिडकीत सलाईनच्या बाटल्या कापून तिनं टांगल्या होत्या, त्यात अजून पुदिना हिरवागार आहे. आता सूनबाई, डिंपल, पाणी घालते त्याले. मी नेहमी म्हणायचो, कौशल्या, भंगारवाला आपल्या दारावरून रडत जाते. ती म्हणे, तुम्हाले टाकणं समजते, मले ठेवणं समजते. एकदा चिडवलं, मी मेल्यावर माहं काय बनवशीन? हसली न म्हणे, तुमच्यात कामात येईन असं कापडच नाही. असं बोलणारी बाई आधी गेली न मी कामाचा नसलेला मागं राह्यलो.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. तेरवीच्या दिवशी पाहुण्यांसमोर तू डिंपलले जे बोलली, ते तूही विसरली नसशीन. घरात सून असून माह्या मायले बीपीची गोळी भेटली नाही, म्हणून तिले लकवा मारला, असं तू म्हणाली. तुहंही काय चुकलं म्हणू? अकोल्याच्या डॉक्टरनंच विचारलं होतं, गोळी बंद होती काय म्हणून. डिंपल मान खाली घालून पंगतीत वाढत राह्यली. ती बोलली नाही म्हणून साऱ्यांनी धरून घेतलं की पोरगी चुकली. खोटं कायले सांगू, मलेही तसंच वाटलं. तवापासून तू तिच्याशी बोलली नाही न या घराची पायरी चढली नाही.

मागच्या आठवड्यात भेंडी लावायची म्हणून मी बी शोधत होतो. तुही माय बी कुठंकुठं ठेवायची, तुले माहीत आहे. चवनप्राशचा डबा, पावडरचा डबा, जे रिकामं झालं त्यात एक बी. धान्याच्या कोठीमागं एक डबा सापडला. हलवला तं खुळखुळ वाजला. म्हटलं, भेटली भेंडी. उघडला तं आत गोळ्या. पांढऱ्या, गोल, एकात एक मिसळलेल्या, साऱ्या विनापाकिटाच्या.

माहं डोकंच फिरलं. वाटलं, संजू खरी होती. सुनेनं गोळ्या दिल्याच नाही, लपवून ठेवल्या. डबा घेऊन तसाच चुलीपाशी गेलो न तिच्या समोर आदळला. तोंडाले येईन ते बोललो. डिंपल भाकर टाकत होती. तव्यावरची भाकर करपली, तरी ती उठली नाही. मग पदर तोंडाले लावून रडली, बाप्पा, सासू गेली तवाही अशी रडली नव्हती. डोळे पुसून म्हणे, मामाजी, सांगते, पण ताईले सांगू नका.

संजू, तुह्या नव्या फ्लॅटच्या दारावर तोरण आहे ना, मायनं वास्तुशांतीले आणलेलं? चंदेरी पानांचं, मधीमधी लोकर गुंडाळलेल्या बांगड्या असलेलं? आलेल्या साऱ्या बाया विचारत होत्या, कुठून घेतलं म्हणून, न तू मायले हात धरून पुढं केलं होतं. ती पानं गोळ्यांच्या पाकिटाची आहेत. तिच्या स्वतःच्या गोळ्यांच्या. पाकीट कापून, घडी मारून एकेक पान केलं तिनं. पण वास्तुशांती जवळ आली न रिकामी पाकिटं पुरेनात. कुलदीप खामगावहून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदमच आणायचा. तिनं त्या साऱ्या फोडून डब्यात टाकल्या न पाकिटं कापली. शुगरची न बीपीची, दोन्ही पांढऱ्या, एकाच मापाच्या. तिले वाटलं, आपल्याले ओळखू येतीन. डोळ्यात मोतीबिंदू, अन् म्हणे ओळखू येतीन!

तोवर डिंपलच पाकीट पाहून गोळी काढून तिच्या हातावर द्यायची. त्यानंतर तुही माय तिले म्हणाली, तू तुही कामं पाय, माह्या गोळ्या मी घेत जाईन. अंदाजानं घेता घेता शुगरच्या ती दुप्पट घेत राह्यली, बीपीच्या बहुतेक डब्यातच राह्यल्या. माय पडली, आपण तिले गाडीत घालून अकोल्याले नेलं, तवा डिंपलले हा डबा भेटला. ती तो घेऊन मेडिकलवाल्याकडं गेली, त्यानं वेगळ्या करून, मोजून दाखवल्या तवा सारं कळलं. तिनं डॉक्टरलेही सांगतलं, पण तवा उशीर झाला होता. मग डबा तिनं कोठीमागं लपवून ठेवला.

दवाखान्यात मायचं तोंड वाकडं झालं होतं, आपल्याले तिचं बोलणं समजत नव्हतं. डिंपलले समजत होतं. मायनं डाव्या हातानं डिंपलचं मनगट धरून सांगतलं म्हणे, संजूले कळू देऊ नको, ती तोरण काढून टाकीन. पोरीनं हो म्हटलं. अन् तेरवीले ते हो तिनं पाळलं. तुह्या बोलण्याखाली, माह्या डोळ्यांदेखत.

हे तुले कळवून मी तुह्यावर काय टाकून राह्यलो, ते मले समजते. मी बाप आहे, दगड नाही. चार दिवस कागद घेतला न ठेवला. हे वाचून तू दार उघडशीन न वर पाहशीन, ते मले इथून दिसते. पण संजू, तू मायले तोरण कर म्हटलं नव्हतं. गोळ्या फोड म्हटलं नव्हतं. तुह्या दाराले काहीतरी आपल्या हातचं असावं, एवढंच तिच्या मनात होतं. मले तिचा राग येते. इतका राग येते की तिच्या फोटोसमोर जाऊन भांडतो. पण राग करायले ती तरी कुठं आहे.

तिची वरसी पुढच्या महिन्यात आहे. तू कुलदीपले निरोप दिला होता, ती बाई घरात असीन तं मी येणार नाही. ते डिंपलनं ऐकलं. काल पाहतो तं तिनं बॅग भरली. माह्या जुन्या पँटची, तुह्या मायनंच शिवून दिलेली. म्हणे, मामाजी, मी पिंपळगाव राजाले माहेरी जाऊन राह्यते, मायच्या वरसीले लेक पाहिजे, सून नसली तं चालते. सारा स्वयंपाक कोणाले सांगायचा, पुदिन्याले पाणी कोण घालीन, तेही ठरवून ठेवलं. तिनं तुह्यापासून लपवलं, मी तिचा शब्द मोडून राह्यलो, तिले अजून माहीत नाही. तोरण काढू नको, लेकी, मायनं मरता मरता तेवढंच मागतलं. अन् ये. वरवटच्या स्टँडवर उतरली की मले नाही, कुलदीपले नाही, डिंपलले फोन कर न म्हण, वहिनी, घ्यायले ये. बॅग मी कोठीमागं लपवली आहे, पण ती शोधून काढीन, या घरात काही लपत नाही.

तुझाच,
बाबा